‘कवळी : आहे’ – नर्सिंग होममधलं एक प्रकरण

आजींच्या जेवणाच्या तक्त्यावर सहा आठवड्यांत ‘नकार’ हा शब्द ४१ वेळा लिहिला गेला होता. एका रविवारी दुपारी, औषधांची फेरी आटोपल्यावर, मी तो मोजत बसले. नाश्त्याला नकार. दुपारी चार घास, मग नकार. त्याच काळात लघवीच्या संसर्गासाठी दोनदा प्रतिजैविकं देऊन झाली होती. तीन महिन्यांत वजन साडेपाच किलो उतरलं होतं. सकाळी तोंड धुवायला गेलेल्या दोन मुलींना त्यांनी मारलं होतं. आणि मंगळवारी डॉक्टरांचा फोन येईल तेव्हा ‘शांत ठेवणारं काहीतरी’ मागून घ्यायचं, असं हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या नर्सला द्यायच्या, कागदावर लिहून ठेवलेलं होतं.

त्या रविवारपासून पुढच्या काही आठवड्यांत जे झालं ते इथे मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जागा उत्तर इंग्लंडमधली, एवढंच सांगते. ‘आजी’ हे माझं संबोधन. तिथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत आणि त्यांनाही तेच आवडायचं. पण मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणत आले, तेव्हा लिहितानाही तसंच लिहिते.

जागा कुठली आणि मी तिथे कशी

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टर नवरा-बायकोने चालवलेलं पंधरा-वीस खाटांचं रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. इंग्लंडमध्ये या शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे वृद्धांच्या केअर होमचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात राहण्या-जेवण्याची, अंघोळ-कपड्यांची मदत मिळते, पण घराची स्वतःची नर्स नसते; जखमेची पट्टी किंवा इन्सुलिन यांसाठी बाहेरून डिस्ट्रिक्ट नर्स, म्हणजे घरोघरी जाऊन शुश्रूषा करणारी नर्स, येते. दुसरं म्हणजे नर्सिंग होम. तिथे चोवीस तास नोंदणीकृत नर्स हजर असते. डॉक्टर मात्र तिथेही राहत नाहीत. आमच्या मजल्यावर २८ माणसं, दिवसा एक नर्स आणि पाच केअरर. केअरर म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डातल्या मावशींसारख्या, पण अंघोळीपासून भरवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातात. डॉक्टर आठवड्यातून एकदा, आणि तेही बऱ्याचदा फोनवर. मधल्या सहा दिवसांत काय बघायचं, काय थांबू शकतं आणि कशासाठी आत्ताच्या आत्ता फोन करायचा, हे त्या एका नर्सने ठरवायचं.

मी मराठवाड्यात जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं. कम्युनिटी पोस्टिंगमध्ये आम्हाला बॅग टेक्निक शिकवत: घरात गेल्यावर आधी जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर पिशवी ठेवायची, हात धुवायला पाणी मागायचं. पाणी येईपर्यंत घर बघून होतं. चूल कुठे आहे, पाण्याचा माठ झाकलेला आहे का, बाळंतीण कुठे निजली आहे. बाई म्हणायच्या, ‘पिशवी उघडायच्या आधी डोळे उघडा.’ २००३ मध्ये मी इंग्लंडला आले. तेव्हा भारतातून येणाऱ्या कितीतरी नर्सेसना एखाद्या नर्सिंग होममध्ये देखरेखीखाली काही महिने काम केल्यावर तिथली नोंदणी मिळायची. माझीही सुरुवात तशीच झाली. पुढे अकरा वर्षं डिस्ट्रिक्ट नर्सेसच्या टीममध्ये काढली. ही इंग्लंडची जुनी पद्धत. १८५९ मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन यांनी, आपल्या पत्नीच्या अखेरच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन यांनाच शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन सेवा करण्यासाठी नेमलं, तिथून ती सुरू झाली. पायांच्या जुनाट जखमा, कॅथेटर, मरणाच्या वाटेवरच्या माणसाचा सिरिंज ड्रायव्हर (थोडंथोडं औषध सतत देणारा छोटा पंप), हे सगळं लोकांच्या बैठकीच्या खोल्यांमध्ये बसून केलं. मग पुन्हा नर्सिंग होममध्ये आले, या वेळी स्वतःहून.

हे सगळं सांगण्याचं कारण आहे. आजींच्या खोलीत त्या रविवारी मी जे केलं, ते वॉर्डात नाही, घराघरांतून फिरून शिकले होते.

आजी

वय ८६. अल्झायमर्स, मध्यमहून पुढे गेलेला. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी अपिक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध चालू. गुडघे दुखरे, वॉकर धरून चालायच्या. पंधराव्या वर्षी कापडगिरणीत विणकर म्हणून लागल्या होत्या. मागांचा आवाज इतका, की तिथल्या बायका आवाज न काढता, ओठ मोठे हलवून एकमेकींशी बोलायच्या. आजींचे शब्द आता बरेचसे गेले होते, पण ओठ हलायचे. नवीन केअररना वाटायचं, या पुटपुटताहेत.

दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा भरलेल्या फॉर्मवर एक ओळ होती: ‘कवळी : आहे / नाही’. ‘आहे’वर खूण होती.

काय काय घडत गेलं

आधी टोस्ट उरायला लागला. मग सकाळी ब्रश करायला गेलं की हात झटकणं, मग चापट. वागण्यात बदल झाला की आमच्याकडे पहिला शब्द निघतो तो लघवीचा संसर्ग. कोणीतरी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली, रंग बदलला, फोनवरून नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक आलं. तीन दिवसांत फरक नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पट्टी, पुन्हा रंग, या वेळी ट्रायमेथोप्रिम.

इथे थोडं थांबते, कारण ही चूक इंग्लंडपुरती नाही. नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या स्त्रियांपैकी २५ ते ५० टक्के जणींच्या लघवीत कुठलाही आजार नसताना जंतू सापडतात. ते तिथे नुसते राहत असतात. पट्टीला हा फरक कळत नाही. म्हणूनच ६५ च्या पुढच्या माणसांमध्ये पट्टी बुडवून संसर्ग ठरवू नका, लक्षणं बघा, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. आजींना ताप नव्हता, जळजळ नव्हती, ओटीपोटात दुखत नव्हतं. पट्टी मात्र होती, आणि पट्टीने उत्तर दिल्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारला नाही.

वजन जूनमध्ये ५४.२ किलो होतं, सप्टेंबरमध्ये ४८.७. दहा टक्क्यांहून जास्त घट आणि बीएमआय १९.५, कुपोषणाचा धोका मोजायच्या ‘मस्ट’ तक्त्यावर गुण ० वरून ३ वर गेले. दोन किंवा जास्त गुण म्हणजे धोका मोठा. मग जेवणात लोणी-साय वाढवली, पोषक पेयाच्या बाटल्या आल्या, आहारतज्ज्ञांना पत्र गेलं. सगळं नियमाप्रमाणे. आजी बाटली ढकलून द्यायच्या आणि तक्त्यावर आणखी एक ‘नकार’ चढायचा.

यातले शेवटचे तीन आठवडे मी गावी होते. पण त्याआधीचे नव्हते, आणि त्याबद्दल पुढे लिहिते.

रविवार

४१ नकार मोजून झाल्यावर मी तेच तक्ते उलट वाचायला घेतले. काय नाकारलं यापेक्षा काय खाल्लं ते बघू म्हटलं. कस्टर्ड, पूर्ण वाटी. आइस्क्रीम, दोन चमचे, मग तोंड फिरवलं. कुस्करलेला बटाटा, अर्धा. चहा, ‘गार झाल्यावर संपवला’. नाकारलेल्यांत टोस्ट, सफरचंद, भाजलेलं मांस, बिस्किट, गरम सूप, आणि फ्रीजमधून काढून तशाच दिलेल्या त्या पोषक पेयाच्या बाटल्या. कडक नको, गरम नको, फार थंडही नको. सहा आठवड्यांच्या कागदांवर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत हेच लिहिलेलं होतं.

चार वाजता चहाच्या वेळी मी आजींच्या समोर न बसता बाजूला बसले. समोर बसलं की त्या माणसाकडे बघायच्या, घासाकडे नाही. केकचा मऊ तुकडा त्यांनी उचलला, तोंडात घातला आणि जिभेने उजवीकडे लोटला. डावा गाल हलला नाही. दुसरा तुकडा चुकून डावीकडे गेला असावा. डोळे घट्ट मिटले, खांदे वर गेले, हात गालाकडे निघाला आणि अर्ध्यातच थांबला. मग बशी जमिनीवर. केअररने सवयीने तक्ता पुढे ओढला.

बोलू न शकणाऱ्या माणसाची वेदना मोजायला ॲबी नावाचं परिमाण आहे. कण्हणं, चेहरा, शरीराची ठेवण, वागणं, नाडी-घाम यांसारखे बदल, आणि दुखापतीच्या खुणा अशा सहा गोष्टी, प्रत्येकी ० ते ३ गुण. चहाच्या आधी आजींचे ३ झाले होते. खाताना ११. आठपासून पुढे मध्यम वेदना. आमच्याकडे हा कागद प्रत्येक फाइलमध्ये असतो. आजींचा शेवटचा भरलेला होता तो सकाळी अंथरुणात, झोपेत असताना. शून्य.

पॅरासिटामॉल त्यांना लिहून दिलेलं होतं, पण ‘गरजेनुसार’. सहा आठवड्यांत तीन वेळा दिलं गेलं होतं. जे माणूस गोळी मागू शकत नाही त्याला ‘गरजेनुसार’ लिहिणं म्हणजे बहुधा न देणं. ‘एक किंवा दोन गोळ्या’ असा डोस होता. वजन पन्नासच्या खाली आलेलं, म्हणून मी एकच दिली, जामच्या चमच्यातून, रात्रीच्या जेवणाच्या अर्धा तास आधी. त्या रात्री आजींनी बटाटा आणि ग्रेव्ही पूर्ण संपवली. एका जेवणावरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं. तरी जाताना मी पुढच्या नर्सला तीनदा बजावलं.

हँडओव्हरला एक केअरर मुलगी दाराशी रेंगाळली. नोकरीला लागून तिला दोन महिने झाले होते. म्हणाली, ‘सिस्टर, त्या गाल धरतात हे मी मागेच सांगितलं होतं.’ कोणाला सांगितलं, ते तिला आठवत होतं. ज्यांना सांगितलं त्यांना ते आठवत नव्हतं. कागदावर ते कुठेच नव्हतं.

बंद दार

सोमवारी सकाळी आजींच्या लेकीला फोन केला. तोंडात काहीतरी दुखतंय असा संशय आहे, बघू देत नाहीत, म्हटलं. जबरदस्तीने जबडा उघडायचा मार्ग माझ्याकडे नव्हता, आणि असता तरी तो मी वापरला नसता. निर्णयक्षमतेविषयीचा २००५ चा कायदा सांगतो, की माणूस स्वतः ठरवू शकत नसेल तरी त्याच्या हिताचं करताना सगळ्यांत कमी जाच होईल असा रस्ता शोधा. मला तोच शोधायचा होता. विचारलं, घरी असताना आई दात कसे घासायची?

लेक जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मी कधी बघितलंच नाही. आई मोरीचं दार लावून घ्यायची, आतून कडी. नळ सोडलेला ऐकू यायचा. बाबांनीसुद्धा तिला दातांशिवाय कधी पाहिलं नसेल.’

आमच्या केअरर दोन वर्षं आजींना पलंगावर, दिव्याच्या प्रकाशात, दोघी समोर उभ्या राहून सांगत होत्या, तोंड उघडा.

त्याच संध्याकाळी मी आजींना वॉकरवरून त्यांच्या बाथरूममध्ये नेलं. दार लावलं. मी आत होते, पण त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. आरशावर टॉवेल टाकला, कारण आरशातली म्हातारी बाई कोण हे त्यांना कळत नसे आणि त्या बिचकत. नळ सोडला, पाणी कोमट. बेसिनच्या उजव्या कडेला वाटी ठेवली. खांद्यावरून त्यांच्या हातात ब्रश दिला आणि हात मागे घेतला.

काही वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मग आजींनी ब्रश खाली ठेवला, मान वाकवली, अंगठा वरच्या ओठाखाली घातला आणि सराईतपणे वरची कवळी काढून वाटीत ठेवली. ठक्क आवाज झाला. ही कवळी आम्हाला माहीत होती. केअरर ती रोज रात्री कशीबशी काढून धूत. मी निघायच्या बेतात होते. तेवढ्यात आजींनी पुन्हा बोट तोंडात घातलं, या वेळी खाली, डावीकडे. त्या काहीतरी उचकटू बघत होत्या. निघत नव्हतं. त्यांनी हुंदका दिला आणि आरशाकडे, टॉवेलकडे बघत ओठ हलवले, आवाज न काढता.

मी बाजूने वाकून टॉर्च धरली. आजींनी मला धरू दिली. खालच्या दातांमध्ये, हिरडीच्या कडेला, धातूची एक बारीक तार चमकली.

खालीही कवळी होती. अर्धी, मोजक्या उरलेल्या दातांना आकड्याने अडकवलेली. बाहेरून बघणाऱ्याला ते आजींचे स्वतःचेच दात वाटत. ‘कवळी : आहे’. किती, ते फॉर्मने विचारलं नव्हतं. घरी असताना ती त्या रोज स्वतः काढत. आमच्याकडे आल्यावर काही महिने काढतही असतील. पण पुढे हातातला क्रम विसरला, पलंगावर दोघींसमोर तोंड मिटलं, आणि ती आत राहिली. किती महिने, ते सांगता येणार नाही.

मी ती ओढली नाही. खाली काय आहे ते ठाऊक नव्हतं, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू होतं. मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरवली, वरची कवळी परत बसवून दिली, दार उघडलं.

दंतवैद्य

ज्याला दवाखान्यात नेणं कठीण, त्याच्या खोलीत येऊन तपासणारा सरकारी दंतवैद्य मिळवणं ही इंग्लंडमधली अवघड गोष्ट आहे. फोनवर दीड तास गेला. तोवर मंगळवारी डॉक्टरांशी बोलले. शांत करणारं औषध मागितलं नाही. पॅरासिटामॉल नियमित, चार वेळा, ५०० मिलिग्रॅम, पातळ स्वरूपात मागितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि लगेच बदलून दिलं. डॉक्टरांना दोष देऊन या प्रकरणात काही हाती लागत नाही. फोनच्या त्या टोकाला माणूस दिसत नाही. आपण जे सांगू तेवढाच पेशंट त्यांच्यापर्यंत पोहोचतो. पहिल्या दोन फोनमध्ये त्यांना आमच्याकडून पट्टीचा रंग कळला होता.

शुक्रवारी कम्युनिटी डेंटल सर्व्हिसची दंतवैद्य आली. तिला मी आधीच सांगून ठेवलं होतं: बाथरूम, दार बंद, नळ चालू, समोरून नाही. तिने मान डोलावली आणि तसंच केलं. आकडा सैल करून तिने अर्धी कवळी काढली. खाली हिरडीवर नखाएवढा व्रण, आणि त्याच्या शेजारी मुळाशी मोडलेला दात, टोक धारदार, भोवती पू. वास खोलीभर पसरला. लेक दारापाशी उभी होती. तिने तोंडावर हात धरला, पण बाहेर गेली नाही.

पुढच्या आठवड्यात क्लिनिकमध्ये भूल देऊन ते मूळ काढलं. आरोग्याविषयीचे निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार आजींनी पूर्वीच लेकीला दिला होता, त्यामुळे संमती तिची. एकच दात असल्याने अपिक्साबान थांबवावं लागलं नाही. टाका घालून, दाबून धरून रक्त थांबलं. व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर कर्करोगाच्या तपासणीला पाठवायचं ठरलं होतं. सतराव्या दिवशी तो भरलेला होता.

पाचव्या आठवड्यात खाताना ॲबीचे गुण २. वजन ५०.१. मारामारी जवळजवळ थांबली. अगदी थांबली असं लिहिणार नाही, कारण आजींचा अल्झायमर्स होता तिथेच होता, आणि थंड हातांनी उठवलं तर त्या अजूनही चापट मारत.

जे औषध मागायचं राहिलं

‘शांत ठेवणारं काहीतरी’ म्हणून बहुधा रिस्पेरिडोनच आलं असतं. अल्झायमर्समधल्या हिंसक वागण्यासाठी ब्रिटनमध्ये त्याला परवानगी आहे, पण बाकी उपाय हरल्यावर आणि जास्तीत जास्त सहा आठवडे, कारण त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. २००९ मध्ये सरकारसाठी केलेल्या अहवालात प्रा. सुबे बॅनर्जी यांनी हिशेब मांडला होता: ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे १,८०,००० डिमेन्शियाग्रस्तांना अशी मानसविकारावरची औषधं दिली जात, आणि त्यातून वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत. दुसऱ्या बाजूला नॉर्वेतलं बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांचं २०११ चं काम आहे. १८ नर्सिंग होममधल्या ३५२ डिमेन्शियाग्रस्त, अस्वस्थ रहिवाशांपैकी निम्म्या गटाला पायरीपायरीने वेदनाशामक दिलं. बहुतेकांना लागलं ते नुसतं पॅरासिटामॉल. आठ आठवड्यांत त्या गटाची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. आजींची फाइल बघताना मला हे आकडे आठवत होते. आजी सहा आठवडे ‘आक्रमक’ होत्या. तो शब्द मीही उच्चारला होता.

माझी सही

दर महिन्याला प्रत्येक रहिवाशाचा केअर प्लॅन नर्सने तपासून सही करायची असते. गावी जाण्याआधीच्या तीन महिन्यांत आजींच्या ‘मुखस्वच्छता’ या पानावर तीन नोंदी आहेत: ‘बदल नाही’, ‘बदल नाही’, ‘बदल नाही’. तिन्ही माझ्या अक्षरात. एकदाही मी त्यांच्या तोंडात बघितलं नव्हतं. टाचा बघितल्या, माकडहाडाजवळची कातडी बघितली, कारण तिथे जखम झाली तर चौकशी होते. तोंडाची चौकशी होत नाही.

हे फक्त माझं किंवा आमच्या घराचं दुखणं नव्हे. केअर होमची तपासणी करणाऱ्या इंग्लंडच्या केअर क्वालिटी कमिशनने २०१९ मध्ये केअर होममधल्या मुखआरोग्यावर अहवाल काढला. पाहणी केलेल्या घरांपैकी ५२ टक्क्यांकडे त्याविषयी धोरणच नव्हतं, आणि ४७ टक्क्यांत कर्मचाऱ्यांना काही शिकवलं जात नव्हतं. २०१६ पासून राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना असूनही ही स्थिती. शिवाय तोंडंही बदलली आहेत. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांना एकही नैसर्गिक दात नव्हता. आजींच्या पिढीत लग्नाआधीच सगळे दात काढून कवळी घेणाऱ्या मुली होत्या, पुढचा खर्च वाचावा म्हणून. पूर्ण कवळी धुणं सोपं. आता येणाऱ्यांच्या तोंडात चार दात, दोन कॅप, एक ब्रिज आणि एक अर्धी कवळी असते, आणि फॉर्म मात्र पूर्ण कवळ्यांच्या काळातला.

लेकीला मी आणि मॅनेजरांनी बसवून सगळं सांगितलं. आमच्याकडून राहिलं, किती काळ राहिलं ते कळत नाही, आम्ही माफी मागतो. तेच पत्रातही लिहून दिलं. असा प्रांजळपणा इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, पण समोर बसून बोलताना कायद्याचा आधार वाटत नाही, जीभ जड होते. स्थानिक प्रशासनाच्या सेफगार्डिंग विभागाला, म्हणजे असहाय माणसांची हेळसांड होत नाही ना हे बघणाऱ्यांना, आम्ही स्वतः कळवलं. लेक चिडली नाही. म्हणाली, ‘खाली पण आहे हे मी सांगायला हवं होतं.’ मी म्हटलं, ‘नाही. आम्ही विचारायला हवं होतं.’

तिथल्या नर्सला नोंदणी टिकवायला दर तीन वर्षांनी ४५० तासांचं काम, ३५ तासांचं शिक्षण आणि स्वतःच्या कामावर पाच लेखी चिंतनं दाखवावी लागतात. त्या वर्षीचं माझं पहिलं चिंतन हे होतं. तीन ‘बदल नाही’ मी त्यात जसेच्या तसे उतरवले.

फॉर्म आता असा आहे: वरची पूर्ण, वरची अर्धी, खालची पूर्ण, खालची अर्धी; कोण काढतं, कुठे, कोणासमोर. आल्याच्या पहिल्या आठवड्यात नर्सने टॉर्च घेऊन ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता आणि दुखणं ही आठ सदरं भरायची, मग दर महिन्याला परत. वेदनेचं परिमाण हालचालीच्या किंवा जेवणाच्या वेळीच मोजायचं. आणि हँडओव्हर केअररपासून सुरू होतो, नर्सपासून नाही. या शेवटच्या बदलाला सगळ्यांत जास्त विरोध झाला. दहा मिनिटं जास्त लागतात. मला ती दहा मिनिटं सगळ्या फॉर्मपेक्षा मोलाची वाटतात, कारण ‘गाल धरतात’ हे वाक्य कुठल्याही सदरात बसलं नसतं.

गावी गेले की नातेवाईक विचारतात, अजून वृद्धाश्रमातच आहेस का, मोठं हॉस्पिटल मिळत नाही का. पुण्या-मुंबईहून नव्याने येणाऱ्या मुलीही घाबरत विचारतात, ताई, नर्सिंग होममध्ये हात विसरतील का. आयव्ही लावायचा हात थोडा विसरतो, हे खरं आहे. पण अतिदक्षतेत मॉनिटर वाजतो, वॉर्डात राउंड येतो, रक्ताचा रिपोर्ट येतो. इथे काही वाजत नाही. चहा गार झाल्यावर संपवला, एवढंच लिहून येतं. त्यावरून मूळ मोडलेला दात ओळखायचा आहे, बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाजूने डॉक्टरांशी बोलायचं आहे, आणि हे रोज २८ जणांसाठी करायचं आहे. मी याला खालची पायरी म्हणू शकत नाही. महाराष्ट्रातही आता घरोघरी ब्युरोमार्फत आलेल्या बाया म्हाताऱ्यांना सांभाळतात, वृद्धाश्रम वाढताहेत, आणि त्यांतल्या किती ठिकाणी नोंदणीकृत नर्सचा डोळा पोहोचतो? आजोबा चिडचिडे झाले, आजी जेवायला नाही म्हणतात, असं कोणी सांगितलं की मी आता पहिल्यांदा विचारते, कवळी शेवटची कधी निघाली होती?

आजी त्यानंतर चौदा महिने होत्या. खालची अर्धी कवळी पुन्हा बसवली नाही. मऊ जेवणावर त्या छान राहिल्या. केअर प्लॅनच्या त्या पानावर ‘मुखस्वच्छता : मदतीने’ या ओळीच्या जागी लिहिलं होतं: ‘बाथरूममध्ये. दार लावा. आरसा झाका. नळ सोडा, कोमट. वाटी उजवीकडे. मागे उभे राहा आणि थांबा.’ शेवटच्या आठवड्यात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा दाराऐवजी पडदा ओढायचो, आणि बेसिनचा नळ तेवढा सोडून ठेवायचो.

पहाटे चारच्या सुमाराला त्या गेल्या. रात्रपाळी माझी होती. लेकीला फोन केला, ती निघाली. पोहोचायला तिला चाळीस मिनिटं लागणार होती. मी आणि ती गालाचं सांगणारी केअरर मुलगी, आम्ही दोघींनी त्यांचं अंग पुसलं, केस विंचरले, स्वच्छ गाऊन घातला. वाटीतली वरची कवळी मी पाण्याखाली धुतली, आणि शरीर ताठरायच्या आधी, लेक यायच्या आधी, त्यांच्या तोंडात बसवून ओठ मिटवले. मग पडदा उघडला.